मोलमीनची बारा कार्डं

उम्म अल हस्सम, बहरीन
५ ऑक्टोबर १९९६

चि. अंजना हिस तुकारामदादाचे अनेक आशीर्वाद.

बारा कार्डांचे इलियासनं पंधरा दिनार घेतले. हा झाला पावतीवरचा आकडा. खरा खर्च निराळा. शुक्रवारची एक सबंध झोप, बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीत उभ्यानं प्यायलेले सहा चहा, आणि घरी आल्यावर तुझ्या सीमावहिनीनं धरलेला दोन दिवसांचा अबोला. "जुन्या कागदांना पंधरा दिनार? एवढ्यात माझी बांगडी उजळून आली असती." म्हटलं, बाई, बांगडी सगळ्यांच्याच हातात असते, आजोबा असे दुकानात कुणाला सापडतात?

चेष्टा नाही, खरंच सापडले. इलियासच्या दुकानात जुनी नाणी, कंदील, बोटींचे दिवे असलं सामान असतं. त्याचा आजा बर्म्यातल्या मोलमीनहून सागवान आणून इथल्या बोटी बांधणाऱ्यांना विकायचा. त्याच्या पेटीत लाकडाच्या पावत्यांखाली ही चित्रांची पोस्टकार्डं होती. मला लाकडातला माणूस म्हणून सहज दाखवायला काढली. मी पालथं करून बघतो तर मागं मराठी. पत्ता तालुका कुडाळ. आणि अक्षर आपल्या सोनू आजोबांचं. माझ्याकडे त्यांची जुनी वही आहे, तो 'र' मी झोपेतही ओळखीन.

चित्रं ऐक. रानात बांबूच्या झोपड्या, वर पानांचं छप्पर. हत्ती सोंडेनं ओंडका ढकलतोय. दोन माणसं करवत ओढतायत, एक खड्ड्यात, एक वर. भाताचा टोप चुलीवर, भोवती पंधरा-वीस आपलीच माणसं उकिडवी बसलेली. आणि एकात खुर्चीवर साहेब, पायाशी कुत्रा, बाजूला हातात हजेरीबुक घेऊन आजोबा. ते कॅम्पचे रायटर, म्हणजे कारकून; चाळीस माणसांचा कॅम्प त्यांच्या लेखणीवर चालायचा. अडाण्यांची घरची पत्रं तेच लिहून द्यायचे, एक पैसा न घेता. आमची श्रेया बघून म्हणाली, "हू इज धिस मॅन, पप्पा, द बॉस?" म्हटलं, होय गो, बॉसच.

तुला ठाऊक आहेच, गावच्या शाळेला मी हॉल बांधून देतोय. 'सोनू रायटर सभागृह'. सव्वीस जानेवारीला उद्घाटन. ही कार्डं तिथं लावणार. काशीआत्याला सांग, तिचा बाप भिकाजी पण एका चित्रात असेल, थोरल्या भावाबरोबर, म्हणजे आजोबांबरोबरच, गेला होता ना. येऊन बघ म्हणावं.

तुझा,
तुकारामदादा

*

कुडाळ
२२ ऑक्टोबर १९९६

ती. तुकारामदादा यांस अंजनाचा सा. नमस्कार.

पत्र मिळालं. आईला तीनदा वाचून दाखवलं. वाचूनच दाखवावं लागतं, कारण आईला सहा वर्षं झाली, दिसत नाही. मी तेव्हा कळवलं होतं, तुझ्या लक्षात नसेल.

चित्राचं तिला काही नाही. ती एकच विचारते, मागं काय लिहिलंय? बारांत एखादं तिच्या वडिलांचं आहे का?

तुला नव्यानं सांगायला नको, पण लिहिते. आई पोटात असताना ते सोनू आजोबांबरोबर गेले. पंधरा साली सोनू आजोबा एकटेच परत आले. भिकाजीनं तिकडे बर्मी बाई केली, तो आता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. दोन वर्षांत एक ओळ आली नव्हती, म्हणून सगळ्यांना ते पटलं. आठ दिवसांत आजीला पोरीसकट माहेरी धाडलं. आई ब्याऐंशी वर्षांची झाली तरी गावात तिला अजून 'बर्मावाल्याची' म्हणतात. लग्नातसुद्धा म्हणाले होते.

तिला मरायच्या आधी एवढंच ऐकायचंय, की बापानं लिहिलं होतं की नाही.

झेरॉक्स पाठवलीस तरी चालेल.

आणि तो दुकानदार तुला फसवत नाही ना? मी तीस वर्षं पोस्टात आहे म्हणून सांगते, हौशी लोक कार्डावर तिकीट आणि शिक्का असेल तर किंमत वेगळी धरतात. नीट बघून घे.

अंजना

*

उम्म अल हस्सम
९ नोव्हेंबर १९९६

चि. अंजना हिस आशीर्वाद.

आत्याच्या डोळ्यांचं वाचून वाईट वाटलं. मला कुणी बोललं नाही, नाहीतर इथून डॉक्टरला विचारलं असतं.

अगो, मला फसवणारा बहरीनमध्ये यायचा आहे. एकोणिसशे त्र्याहत्तरला आलो तेव्हा हातात रंधा आणि अंगावर एक शर्ट. आज सित्रात माझं वर्कशॉप आहे, बावीस माणसं, कंपनीची बस रोज सकाळी त्यांना आणून सोडते. हे भोळेपणानं होत नाही. कार्डं भिंगाखाली धरून बघितली. एकावरही तिकीट नाही. एकावरही शिक्का नाही. कोरी करकरीत, जशी छापखान्यातून आली. इलियासला हे ठाऊक असतं तर तीस मागितले असते. मी त्याला बोललोच नाही, पैसे टाकले, यल्ला, बाहेर.

वाचायचं म्हणतेस तर एक उतरवून देतो. गणू परबाचं आहे, त्याच्या आईला:

'साष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे. रोज चार ओंडके होतात. भात मिळतो, मासळी नाही. हे चित्र साहेबाने काढले, आमचीच झोपडी आहे. कार्डाचा व टिकिटाचा मिळून आणा रायटरदादास दिला. तुझे पत्र का नाही.'

बघ, कसं सुबक लिहिलंय. भिकाजीची दोन आहेत, तुझ्या आजीच्या नावानं. त्यांत विशेष काही नाही, हीच खुशाली. आत्याला सांग, तुझा बाप खुशाल होता.

तुकारामदादा

*

कुडाळ
२८ नोव्हेंबर १९९६

ती. दादा यांस सा. नमस्कार.

तिकीट नाही, शिक्का नाही. दादा, मग ती कार्डं टपालात पडलीच नाहीत.

तेव्हा कार्डाला एका पैशाचं तिकीट लागे. ते लावलं नाही. माणसं सांगत गेली, सोनू आजोबा त्यांच्यासमोर लिहीत गेले, आणा घेत गेले, आणि कार्डं ठेवून देत गेले. कॅम्प उठला तेव्हा ती कंपनीच्या कागदांत राहिली असतील. गणूची आई 'तुझे पत्र का नाही' हे वाचायला मिळण्याआधीच गेली असणार. आणि माझी आजी पत्र येत नाही म्हणून माहेरी गेली.

मी भांडायला लिहीत नाही. आजोबा गेले, त्यांचं त्यांच्याबरोबर. माझ्या आजोबांच्या वाट्याची जमीनही नको, ती आता मागून मला काय करायचीय? हॉलला हवं ते नाव दे. फक्त ती दोन कार्डं जशीच्या तशी उतरवून पाठव. एका एरोग्राममध्ये मावतील. आई रोज दुपारी टपालाच्या वेळेला दाराशी येऊन बसते. मी घरी असले तर मला विचारते, मी नसले तर पोस्टमनला.

अंजना

*

उम्म अल हस्सम
१५ डिसेंबर १९९६

चि. अंजना हिस आशीर्वाद.

उद्या इथला राष्ट्रीय दिवस. रस्तोरस्ती लाल-पांढरे दिवे. त्यांच्याच उजेडात गॅलरीत बसून लिहितोय.

लाकडावर टिचकी मारली की आतून पोकळ आहे का भरीव, ते मला कानानं कळतं. माणसांचंही कळतं. तिकिटाची चौकशी तू माझ्या फायद्यासाठी केली नव्हतीस, हे मला तेव्हाच ऐकू यायला हवं होतं. एकदा चुकलो. हुशार आहेस, धुऱ्यांचंच रक्त. पण जमीन नको असं जो आपणहून लिहितो ना, त्याच्या मनात जमीन येऊन गेलेली असते. मी सित्रात वीस वर्षं हेच ऐकतोय. पगारवाढ नको म्हणत म्हणत येतात.

उज्ज्वल, आमच्या ऑफिसातला पोरगा, म्हणाला, शेठ, दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढून ठेवू का? म्हटलं, मफी, काही नको. कागद जितके कमी तितकी माणसं सुखी.

तरी मी कुणाला विन्मुख पाठवत नाही. आत्याला सव्वीस तारखेला हॉलवर आण. स्टेजवर माझ्या शेजारी खुर्ची देतो, शाल देतो. तिनं माईकवर दोनच वाक्यं बोलायची: 'सोनू रायटरांनी माझ्या वडिलांना शेवटपर्यंत सांभाळलं. वडील आपल्या मर्जीनं तिकडे राहिले.' झालं, खलास. गावाच्या तोंडाला कुलूप, आणि तुझ्या डोक्यातल्या टपालालाही. त्या बदल्यात भिकाजीची दोन्ही कार्डं मी तिच्या हातात देईन. सगळ्यांसमोर. तुकाराम धुरी शब्द फिरवत नाही, कुणालाही विचार.

नको असेल तर तसं कळव. कार्डं मला जड नाहीत.

तुकारामदादा

*

कुडाळ
३ जानेवारी १९९७

ती. दादा यांस,

तुझं पत्र मी आईला सगळं वाचून दाखवलं. एखादं वाक्य गाळावं असं वाटलं होतं, नाही गाळलं.

ऐकून म्हणाली, "सांगतंय. तोंड माझा, शब्द तेचे. पण कार्डां माझी." रात्री जेवली नाही. सकाळपासून ती दोन वाक्यं पाठ करतेय, अडखळायला नको म्हणून.

आम्ही येऊ.

अंजना

*

कुडाळ
३० जानेवारी १९९७

ती. दादा,

तू अठ्ठावीसलाच विमानानं गेलास असं कळलं, म्हणून पत्र.

आई न अडखळता बोलली. तीनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. खाली उतरताना मागच्या रांगेतल्या एका बाईनं म्हटलेलं तिनं ऐकलं, "शेवटाक कबूल केल्यान, बापूस पळालो तो." आई रिक्षात मांडीवर तुझं पुडकं दोन्ही हातांनी धरून बसली होती.

घरी येऊन रिबीन सोडली. सागवानी फ्रेम, काच, आत दोन्ही कार्डं. चित्राची बाजू वर. काच काढली तर कार्डं मागच्या प्लायला चिकटवलेली. कोपऱ्यांना नव्हे, सबंध. ब्लेड घालून बघितलं, हत्तीचा पाय सुटून आला, खालचा कागद प्लायवरच राहिला. गरम पाण्याच्या वाफेवर धरलं, काही झालं नाही. आई विचारत होती, "काय लिवलंहा?" मी म्हटलं, चष्मा सापडत नाही.

चार दिवस माझा चष्मा सापडत नाहीये, दादा. तू वाचली आहेस ती. लिहून पाठव. दहा ओळी असतील.

अंजना

*

उम्म अल हस्सम
१४ फेब्रुवारी १९९७

चि. अंजना हिस आशीर्वाद.

रमजान संपला, ईद झाली, वर्कशॉप पुन्हा सुरू. म्हणून उशीर.

कार्डं हातात देईन म्हणालो होतो, दिली. फ्रेम वर फुकट. त्या चौकटीचं लाकूड बर्म्याचंच आहे, एका शेखच्या दरवाजातून उरलेलं. आणि गोंदाशी खटपट करू नकोस, चित्रं फाडशील. तो जर्मन माल आहे. इथल्या बँकेची सगळी काउंटर मी त्यानंच चिकटवली, अजून एक सांधा उघडला नाही. तुझ्या नातवंडांची नातवंडं आली तरी ती कार्डं प्लाय सोडायची नाहीत, हे तुकाराम सुताराचं लिहून घे.

मी पुन्हा वाचून आठवून लिहावं, तर आता काय कुठलं आठवतंय? वय झालं.

तुला मार्ग सांगतो, रागावू नकोस. आत्याला दिसत नाही. फ्रेम हातात धर आणि वाच. चांगलं वाच. बापाची माया, लेकीची आठवण, सणाला येतो, घाल काय हवं ते. तिकडे सोनू आजोबा चाळीस जणांची पत्रं बनवायचे, तुला एकाचं नाही बनवता येणार? तीस वर्षं लोकांची पत्रं हाताळतेस. कोण तपासायला येतंय? म्हातारी सुखानं जाईल, तू सुटशील.

वहिनीनं चांदीची वाटी पाठवलीय, ताहिर ड्रायव्हर सुटीवर येतोय त्याच्या हाती. तो मुंबईहून पार्सल करील.

तुकारामदादा

*

कुडाळ
९ मार्च १९९७

ती. दादा,

वाटी मिळाली.

तू सांगितलंस तसं केलं. तुझ्यावर रागावून आठ दिवस काढले, मग एका दुपारी आई दारातून उठून आत आली आणि म्हणाली, "चष्मो नाय गावणा तर शेजारच्या पोराक बोलव वाचूक." तेव्हा मी फ्रेम घेतली आणि वाचलं.

दादा, चांगलं वाचलं मी. जुन्या वळणाचं. 'चि. सौ. चंद्रभागा हिस आशीर्वाद. इकडे क्षेम. करवतीचे काम जड आहे पण सवय झाली. आमची काशी कशी आहे? तिला चालता येते का? मोसम संपताच निघतो. काशीस पापा.'

आईनं ऐकलं. फ्रेम मागून घेतली, काचेवरून हात फिरवला. म्हणाली, "परत वाच." मी परत वाचलं, तस्संच. पाठ झालं होतं.

मग म्हणाली, "माझा नाव त्येंका कोणी सांगल्यान?"

मी फ्रेम घ्यायला हात पुढे केला.

"माझा बारसा ते गेल्यावर झाला. आवशीन नाव ठेवल्यान आणि पत्रार कळवल्यान. त्या पत्राचा उत्तर कधी इला नाय, म्हणान तर आमका भायर काढल्यानी."

मी म्हटलं, आई, आजीचं पत्र पोचलं असेल. ती म्हणाली, "पोचला असता तर येवक नसते?" मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बरा केलंस. म्हातारेक बरा वाटाक होया म्हणान केलंस. कार्डार कायच नाय, मा? आसता तर तू तांच वाचलं असतंस."

मी सांगितलं, आहे, चिकटवलंय, वाचता येत नाही. तिनं ऐकून घेतलं. मी सगळं खरं सांगत होते आणि तिला ते आधीच्या वाचनासारखंच वाटत होतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

तेव्हापासून दुपारची दाराशी येत नाही.

एक ओळ आठवत असेल तर एक ओळ लिही.

अंजना

*

उम्म अल हस्सम
२९ मार्च १९९७

चि. अंजना हिस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हळहळलो. हसूही आलं, खोटं कशाला बोलू. ब्याऐंशी वर्षांची बाई, पण कान बघ. माझ्यावर गेलीय.

अगो, नाव कशाला घातलंस? मला आधी विचारलं असतंस तर सांगितलं नसतं का? कार्डात त्यानं उलट तेच विचारलंय की. मुलगा झाला की मुलगी, नाव काय ठेवलं, कळव, एवढंच दोन्ही कार्डांत. आजीची पत्रं आजोबांनी त्याला वाचून दाखवली नसतील, कामाचा गराडा असायचा. तू 'बाळ' म्हणाली असतीस तर निभावलं असतं. हे असं होतं, माणूस जरा जास्तच सजवायला जातो. मी माझ्या सुतारांना हेच सांगतो.

आता तरी सांग तिला. आणि मनाला लावून घेऊ नकोस. तू तुझ्या परीनं चांगलंच करायला गेलीस.

हॉलचे फोटो आले. साहेबाशेजारी आजोबा काय दिसतायत.

तुकारामदादा

*

कुडाळ
१२ जुलै १९९७

श्री. तुकाराम धुरी यांस,

आई २३ मे रोजी गेली. तार केली होती. तुमचं शोकाचं पत्र आलं, उत्तर द्यायला वेळ झाला नाही.

तुमचं मार्चचं पत्र मी आईला वाचून दाखवलं होतं. नाव विचारल्याची ओळ दोनदा वाचली. ती म्हणाली, "आता पुरे गो अंजू, कितके रचशीत?" त्यानंतर तिनं वडिलांचा विषय काढला नाही. ती जाताना मी शेजारी होते.

परवा फ्रेम भिंतीवरून काढली, तर आत कार्डं खाली घसरून बसलेली होती. तुमच्या बँकेत एसी असतो. इथे जूनपासून भिंतींना ओल आहे. लिखाण जांभळ्या पेन्सिलीचं आहे, ओलीनं उलट ठसठशीत झालंय. पाच-सहा शब्द प्लायला गेले, बाकी सगळं वाचता येतं.

पहिल्यात तुम्ही लिहिलंत तेच आहे. दुसरं नोव्हेंबर चौदाचं. त्यात दोन ओळी जास्त आहेत, त्या तुम्ही कळवल्या नव्हत्या: 'अंगात रोज ताप आहे, करवत ओढवत नाही. दादा म्हणतो हिशेब झाला की तुला बोटीत बसवतो, तोवर मी वाट पाहतो.' बर्मी बाईचं कुठं काही नाही.

शाळेतली मोठी फ्रेमही आपोआप उघडली. दहा कार्डं हॉलच्या फरशीवर पडली होती. हेडमास्तरांनी उचलून वाचली, मग मला पोस्टात आणून दिली. ज्या घरांची होती त्यांपैकी सात घरं अजून गावात आहेत. मी त्यांना तिकिटं लावली, शिक्का मारला, काल वाटायला दिली. उरलेली तीन 'पत्त्यावर कोणी नाही' म्हणून ठेवलीत.

गोंद साडेपाच महिने टिकला.

अंजना